पहिल्या स्वारीआधी

चाबुकस्वार हा शब्द ऐकला की नवख्याच्या डोळ्यांपुढे आधी चाबूक येतो. कोवळ्या घोड्याला खोगिराखाली आणून स्वारीसाठी तयार करणाऱ्या माणसाचे ते जुने नाव आहे, आणि ज्या दफेदारकाकांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्यांच्याजवळ चाबूक असे तो केवळ आपला हात लांबवण्यापुरता. चार वर्षांत तो कोणत्याही घोड्याच्या अंगावर पडलेला मी पाहिला नाही. या कामात येऊ पाहणारी मुले-मुली मला बहुधा पहिला प्रश्न ‘किती दिवसांत बसता येते?’ असाच विचारतात, म्हणून बसण्याच्या आधी काय काय करावे लागते आणि त्यातले मी काय बिघडवले, ते येथे लिहीत आहे.

ग्वाल्हेरातल्या मराठी माणसाला घोडा परका नसणार, असे बाहेरच्यांना वाटते. आमच्या वस्तीचे नावच लष्कर. घोड्यांच्या तबेल्याला म्हणत तो पागा हा शब्द पागनीस या आडनावात अजून शिल्लक आहे. १९५३ साली उभ्या राहिलेल्या ६१ कॅव्हलरी या भारतीय सैन्याच्या घोडदळ पलटणीत ग्वाल्हेर संस्थानाच्या घोडदळाचे, ग्वाल्हेर लान्सर्सचे, स्वार सामावले गेले. आणि ज्या मेळ्यात आज आपण पाळण्यांत बसायला आणि मोटारी पाहायला जातो, तो माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला तेव्हा जनावरांचा मेळा होता. इतके सगळे मागे असूनही बी.कॉम. झाल्यावर तेविसाव्या वर्षी मी झाशी रस्त्याकडच्या एका खासगी तबेल्यात पाऊल टाकले, तेव्हा घोड्याजवळ कोणत्या बाजूने जावे हेही मला ठाऊक नव्हते.

पहिले तीन महिने मी लीद काढली, पाणी भरले आणि घोड्यांचे अंग घासून खरारा केला. पुष्कळ जण याच टप्प्यावर काम सोडतात, पण घोडा पाहायला मी शिकलो तो याच दिवसांत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या थेट मागचे मात्र दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने आणि काहीतरी बोलत जावे लागते. दोर हाताला गुंडाळायचा नाही, बांधताना एका झटक्यात सुटेल अशीच गाठ मारायची, डोक्यावर हेल्मेट आणि पायात टाचेचा बूट असल्याशिवाय रिकिबीत पाय घालायचा नाही, या गोष्टी काकांनी एकेकदाच सांगितल्या. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली की ते सरळ त्या दिवसापुरते घरी पाठवत.

माझ्या वाट्याला आलेले पहिले जनावर म्हणजे मैना, साडेतीन वर्षांची कुमाईत (तांबूस रंगाची) मारवाडी घोडी. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकणारी आणि स्वभावाने फार बुजरी. पहिल्याच दिवशी काकांनी तिचे ओठ अलगद वर करून मला दात दाखवले. समोरची मधली जोडी पक्की झालेली होती, तिच्या शेजारची नुकतीच हिरडीतून वर येत होती आणि कडेची अजून दुधाचीच होती. ही पालट साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास होते, त्यामुळे विकणाऱ्याने सांगितलेले वय दातांशी ताडून पाहता येते. हाडांचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. पुढच्या गुडघ्याजवळची वाढ अडीच वर्षांच्या आसपास पुरी होत आली, तरी पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालूच असते. म्हणजे वरून पाहता घोडा तयार दिसतो तेव्हाही, ज्या पाठीवर आपण बसणार ती सगळ्यांत शेवटी पिकणारी असते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपुढे जाऊ नये असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि कोवळ्या घोड्यासाठी तोही ताणू नये. मैना सुमारे तीनशे चाळीस किलोंची होती. मी एकाहत्तर किलोंचा होतो आणि खोगीर आठ किलोंचे. बेरीज ऐकून काका एवढेच म्हणाले, “तू हिला शिकव. बसेल दुसरे कोणीतरी.”

आमच्याकडे दसऱ्याला घोड्यांची पूजा झाली की नव्या जनावरांचे शिक्षण सुरू होते आणि होळीच्या आसपास आवरते घेतले जाते, कारण त्यानंतर ग्वाल्हेरचे ऊन ना माणसाला काम करू देते ना घोड्याला. पहिला महिना खोगिराचे नावही नव्हते. मोहरकी (डोक्यात अडकवायचा दोराचा साज) घालून चालवणे, थांबवणे, मागे सरकवणे, चारही खूर उचलू देणे आणि नालबंद येईल तेव्हा त्याच्या हातोडीचा ठोका सहन करणे, एवढेच शिकवायचे होते. हे काम बाहेरून सोपे दिसते, पण पुढचे सगळे त्याच्यावर उभे असते. मोहरकीच्या दोराने हलका दाब द्यायचा, घोडीने एक पाऊल पुढे टाकले की त्याच क्षणी तो सोडायचा. घोडा जे शिकतो ते दाब सुटण्याच्या क्षणी शिकतो. मला हे तोंडाने सांगता येत होते, हाताला येत नव्हते. मैना मान वर झटकत असे आणि दचकून माझा हात नेमका तेव्हाच सैल पडत असे, त्यामुळे मान झटकली की सुटका होते, हा धडा मीच तिला रोज देत होतो. तो पुसायला अकरा दिवस लागले. आणखी एक गोष्ट येथेच सांगतो: डाव्या बाजूने शिकवलेले उजव्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. डावीकडून अंगावर पोते टाकले तर निवांत उभी राहणारी घोडी उजवीकडून तेच पोते पाहून दोन हात बाजूला उडाली होती.

त्यानंतर लंज, म्हणजे लांब बागडोरीवर गोल फिरवणे. गोल लहान घेतला की सांध्यांवर ताण येतो, म्हणून वर्तुळ पंधरा ते वीस मीटर रुंद असावे आणि काम पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही दिशांनी संपवावे. घोडा दमला म्हणजे शहाणा झाला, ही समजूत तबेल्यांत फार पसरलेली आहे. मला ती साफ चुकीची वाटते, कारण रोज दमवलेला घोडा रोज थोडा अधिक ताकदवान होतो आणि शिकत मात्र काहीच नाही.

आता खोगिराकडे येतो. आठवडाभर मैनेच्या पाठीवर आधी नुसता नमदा (खोगिराखालची जाड घडी) आणि मग रिकिबी काढलेले खोगीर ठेवून उतरवले जात होते आणि तिची काही तक्रार नव्हती. त्याच सुमारास काका दोन दिवस एका लग्नाला भिंडला गेले. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळायचा राहिला आहे तेवढा आपण उरकून टाकू आणि काका आले की त्यांना दाखवू, असे माझ्या मनाने घेतले. शिवाय खोगीर पुरे दिसावे म्हणून मी रिकिबीही अडकवल्या. तंग एकदम तीन भोके वर ओढला तरी मैना जागची हलली नाही, तेव्हा मला मनातून अभिमानच वाटला. मग मी तिला एक पाऊल पुढे घेतले. त्या पावलासरशी तंग छातीमागे आवळला गेला आणि तिने डोके खाली घालून अशा दुगाण्या झाडायला सुरुवात केली की बागडोर माझ्या हातातून कातडीसकट सुटली. तिसऱ्या उडीला खोगीर फिरून पोटाखाली गेले, रिकिबी तिच्याच पायांवर आपटू लागल्या आणि प्रत्येक आपटण्यासरशी ती अधिक उधळत राहिली. शेवटी गवताच्या गंजीच्या कोपऱ्यात ती थांबली तेव्हा पुढच्या पायाच्या कोपरामागे तंगाने सालपट काढलेले होते आणि तिचे सगळे अंग थरथरत होते.

काका परत आले, जखम पाहिली आणि मला विचारले, “तंग ओढलास तेव्हा ती शांत होती, की गोठली होती?” मला उत्तर देता आले नाही, कारण तोवर हा फरक मी कधी पाहिलाच नव्हता. शांत घोडा मान थोडी खाली सोडतो, ओठ चाटतो, एखादा मागचा पाय सैल सोडून उभा राहतो आणि त्याच्या बरगड्या संथपणे हलताना दिसतात. गोठलेला घोडाही जागचा हलत नाही; पण त्याचा श्वास धरलेला असतो, नाकपुड्या ताणलेल्या असतात, शेपूट दाबून घेतलेले असते आणि डोळ्याच्या कडेला पांढरे दिसते. या दोघांतला फरक ओळखता आला नाही, तर बाकीचे सगळे कौशल्य असून नसल्यासारखे आहे.

माझ्या त्या सकाळीची किंमत तीन आठवडे होती. सालपट भरून येईपर्यंत पाठीवर काहीच ठेवले नाही. नंतर एक रुंद सुती पट्टा तंगाच्या जागी नुसता हाताने धरायचा, तिने श्वास सोडला की पट्टाही सोडायचा, असे रोज दहा मिनिटे केले. खोगीर परत आले तेव्हा तंग एकेका भोकाने, मध्ये दहा-बारा पावले चालवून, तीन टप्प्यांत आवळला गेला. खोगीर नीट बसले आहे की नाही हेही तेव्हाच पाहायचे असते: मधल्या पन्हळीतून कण्यावर उजेड दिसला पाहिजे आणि मानेमागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे शिरली पाहिजेत. बेढब खोगिराखाली दुखणाऱ्या पाठीला लोक खुशाल ‘खोड’ म्हणतात.

लगामाची कडी तोंडात देण्याआधी पशुवैद्याकडून तोंड तपासून घेतले. वरच्या दाढांच्या पुढे कधी कधी एक बारीक दात उगवतो आणि कडीशी घासून दुखतो. मैनेला तो होता व तो काढावा लागला. कडी गुळगुळीत, मध्ये सांधा असलेली घेतली. काटेरी लगाम आजही वरातीच्या घोड्यांच्या तोंडात दिसतो, पण स्वारीसाठी किंवा हाकण्यासाठी काटेरी कडी वापरण्याला ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ज्याचे तोंड फाटले आहे त्या घोड्याला हलका हात कसा कळणार? पौषातल्या थंडीत लोखंड बर्फासारखे गार असते, म्हणून कडी आधी काखेत धरून गरम करायची आणि तिला गुळाचे पाणी लावायचे, हा काकांचा शिरस्ता होता. तिसऱ्या दिवसापासून मैना कडी पाहून स्वतःच तोंड उघडू लागली, श्रेय गुळाचे.

पुढचे पंधरा दिवस मी तिच्या मागून दोन लांब दोऱ्या धरून चालत राहिलो. पाठीवर कोणी नसताना डावे, उजवे आणि थांबणे शिकवण्याचा, आणि रस्ता दाखवण्याचा हा उत्तम मार्ग आहे. ई-रिक्षा, फडफडणारी ताडपत्री, भाजीच्या गाडीवरचा भोंगा हे सगळे तिने माझ्या आधी पुढे जाऊन पाहिले. लग्नसराईतला डीजे मात्र आम्ही सुरुवातीला दोनशे पावलांवरूनच ऐकवला आणि परत फिरलो.

पहिल्यांदा पाठीवर बसली ती काकांची नात, खोगिरासकट अठ्ठावन्न किलो. आधी दोन दिवस ती मैनेच्या शेजारी नुसत्या उड्या मारत होती. मग खोगिरावर पोटावर आडवी पडून पाच श्वास मोजायचे आणि उतरायचे, हे दोन्ही बाजूंनी झाले. चौथ्या दिवशी तिने पाय पलीकडे टाकला आणि धप्पकन न बसता वजन हळूहळू खाली सोडले. काका डोक्याशी होते, दोर माझ्या हातात होता. मैनेने मान मागे वळवली, रिकिबीतल्या बुटाचे टोक हुंगले आणि फुरफुरली. चार पावले चालवून आम्ही काम तिथेच संपवले. पुढे दोन आठवडे वीस-वीस मिनिटे नुसती कदमचाल, शक्य तितकी सरळ रेषेत आणि एका म्हाताऱ्या घोड्याच्या मागून. त्यानंतर थोडी दुडकी. भरधाव पळवण्याचा विषय पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी काढला नाही.

या कामावर पोट भरते का, हेही लोक विचारतात. एखाद्या तबेल्यात महिन्याच्या पगारावर राहता येते किंवा घोड्यामागे ठरावीक रक्कम घेऊन शिकवता येते. दुसऱ्या प्रकारात उन्हाळ्याचे महिने कोरडे जातात, हे आधीच धरून चालावे. शिस्तीने शिकायचे असेल तर मध्य प्रदेश शासनाची घोडेस्वारी अकादमी भोपाळात आहे, आमच्या जवळच टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे, आणि सैन्यात रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरमध्ये घोडे तयार करण्याचेच काम चालते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे) सांघिक सुवर्ण भारताला मिळाले, त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून चौकशीला येणाऱ्या मुली वाढल्या आहेत, असा माझा तरी अनुभव आहे. त्यांना मी आधी खरारा देतो. कोणत्याही तबेल्यात नोकरी धरण्यापूर्वी, माणूस आत शिरताच तिथले घोडे पुढे येतात की भिंतीला लागतात, तेवढे दारात उभे राहून पाहून घ्यावे.

मैना साडेचार वर्षांची झाल्यावर इंदूरच्या एका कुटुंबाने तिला नेले. सोबत दिलेल्या वहीत खुराक, नालाची तारीख आणि लसीकरण यांच्या वरच्या ओळीत मी ‘तंग तीन टप्प्यांत, मध्ये चालवून’ असे लिहिले होते. आठवड्याभराने तिकडच्या मोतद्दाराचा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याचा, फोन आला. घोडी गुणी आहे, म्हणाला. फक्त तंगाला हात लावला की मान वळवून हाताकडे बघत राहते, हे कशामुळे असावे? मी त्याला ती सकाळ सांगितली.