जोडीदारासोबत बंगळुरूला जायचं ठरवताय? या चुका टाळा

पुणं सोडून बंगळुरूला जायचं का, हा विषय घरात निघतो तो बहुतेक वेळा ऑफर लेटर आल्यावर. ऑफर एकालाच आलेली असते, निर्णय मात्र दोघांनी घ्यायचा असतो आणि तोही आठ-पंधरा दिवसांत, कारण एचआर जॉइनिंगच्या तारखेसाठी मागे लागलेलं असतं. त्या घाईत होणाऱ्या चुका बहुतेक सगळ्या घरांत सारख्याच असतात.

"तुला काय, तिकडेही मिळेल काहीतरी"

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. आयटीतल्या माणसाच्या बाबतीत हे वाक्य खरं ठरेलही. पण बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असेल तर? आंतरजिल्हा बदली मिळू शकते, दुसऱ्या राज्यात बदली होत नाही. म्हणजे विनावेतन रजा, नाहीतर राजीनामा. नवरा वकील असेल तर सनद देशभर चालते, पण खालच्या कोर्टातले पक्षकार आणि साक्षीदार कन्नड बोलणार, आणि इथे जमवलेली अशिलं काही सोबत येत नाहीत.

म्हणून हो म्हणण्याआधी दुसऱ्यानेही तिथे खरोखर अर्ज करावेत, दोन-तीन मुलाखती द्याव्यात. मित्राने फोनवर दिलेला दिलासा धरू नका. आणि सहा महिने एकाच पगारावर काढावे लागले तर दुसऱ्याच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जाईल, हेही आधीच ठरवा. कमावत्या माणसापुढे हात पसरून रिक्षासाठीसुद्धा "जरा दोनशे टाक ना" म्हणावं लागलं, की भांडण पैशांवरून सुरू होतं आणि कुठल्या कुठे जातं.

पगारवाढ मोजली, डिपॉझिट राहिलं

बंगळुरूत पूर्वी दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागायची पद्धत होती. आता बऱ्याच ठिकाणी ते पाच-सहा महिन्यांवर आलं आहे. 40 हजारांचं घर घेतलं तर सहा महिन्यांचे 2 लाख 40 हजार, एक महिन्याची दलाली आणि पहिलं भाडं धरून 3 लाख 20 हजार रुपये किल्ली हातात यायच्या आधीच जातात. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापून घेण्याची रीतही तिथे रुळलेली आहे. पॅकर्स-मूव्हर्सचा खर्च यात धरलेला नाही.

एकाच्या ऑफिसजवळ घर

पहिल्याला ऑफर व्हाइटफील्डची, म्हणून घर व्हाइटफील्डला, अकरा महिन्यांचा करार, काम झालं. तीन महिन्यांनी दुसऱ्याला नोकरी लागते ती इलेक्ट्रॉनिक सिटीत. नकाशावर अंतर फार वाटत नाही. पण मेट्रोने जायचं तर पर्पल लाइनने मॅजेस्टिकला या, तिथून ग्रीन लाइनने आर. व्ही. रोड, तिथे पुन्हा बदलून यलो लाइन. म्हणजे पूर्वेकडून दक्षिणेला जायला आधी शहराच्या मध्यात यायचं. रस्त्याने गेलात तर वाहतूक कोंडीचा सिल्क बोर्ड चौक आहेच. चांदणी चौकाची सवय असलेल्या पुणेकरालाही तिथे घाम फुटतो.

दुसऱ्याची नोकरी ठरेपर्यंत सर्व्हिस अपार्टमेंट किंवा कंपनीचं गेस्ट हाउस बघा. महिन्याला थोडे जास्त जातील, पण अकरा महिने अडकणार नाही.

शनिवार-रविवारी शहर बघून येणं

कब्बन पार्क, एमटीआर हॉटेलची रवा इडली, चर्च स्ट्रीटवर संध्याकाळ, वर ती सुखाची हवा. असं बघितल्यावर कोण नाही म्हणेल? सोमवार-मंगळवार धरून जा. सकाळी नऊला, जिथे घर घ्यायचं मनात आहे तिथून ऑफिसपर्यंत जाऊन दाखवा, दोघांनीही. इमारतीत शिरलात की एजंटला बाजूला ठेवून वॉचमनला विचारा: कावेरीचं पाणी येतं की बोअर? उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात? 2024 च्या मार्चमध्ये बोअरवेल आटल्या तेव्हा चकाचक सोसायट्याही टँकरच्या रांगेत उभ्या होत्या, आणि त्या पाण्याचे पैसे मेंटेनन्समध्येच येतात.

मूल शाळेत असेल तर आणखी एक चौकशी करा. कर्नाटकात सीबीएसई शाळांनाही कन्नड शिकवावं लागतं, त्यामुळे मोठ्या इयत्तेत गेलेल्या मुलासाठी काय सवलत आहे ते प्रवेशाआधीच शाळेकडून लेखी घ्या.

करारावर एकाचंच नाव

लग्न झालेलं असो वा नसो, भाडेकरारात दोघांची नावं हवीत. पत्त्याचा पुरावा म्हणून बऱ्याच ठिकाणी हाच कागद उपयोगी पडतो, आणि उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर डिपॉझिटमधला आपला वाटा दाखवायलाही हाच. लग्नाशिवाय एकत्र राहत असाल तर घरमालकाला आधीच स्पष्ट सांगा. "फॅमिली की बॅचलर?" हा प्रश्न येणारच. खोटं सांगून घेतलेलं घर शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर जातं.

गाडीचं थोडक्यात: एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्याआधी इथल्या आरटीओची एनओसी, वर कर्नाटकचा रोड टॅक्स. जुनी गाडी असेल तर विकूनच जा.

"विमानाने दीड तास तर लागतो"

आई-बाबांना हेच सांगितलं जातं. तो दीड तास हवेतला. विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या पार उत्तरेला. इलेक्ट्रॉनिक सिटीतून निघालात तर आधी अख्खं शहर ओलांडायचं. गणपतीच्या आदल्या दिवशीचं तिकीट बघा, मग वर्षातून किती वेळा येणं होईल ते सांगा.

जाऊन बसलात आणि जमत नसेल तर

आधी दोन कागद काढा. भाडेकरारात लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, किती महिन्यांचा आणि नोटीस किती, ते बघा. ऑफर लेटरमध्ये जॉइनिंग बोनस आणि स्थलांतराचा खर्च कंपनी परत मागते का, ते बघा. वर्षाच्या आत सोडलं तर अनेक कंपन्या मागतात. ती तारीख उलटेपर्यंत थांबायचं की पैसे भरून निघायचं, याचा हिशोब दोघांनी मिळून करा. आणि ज्याला तिथे नोकरी नाही, त्याचं म्हणणं आधी ऐका.