साइड प्रोजेक्ट बाजूला ठेवण्याआधी
नोकरी सांभाळून केलेला प्रोग्रॅमिंगचा प्रोजेक्ट मध्येच आठवडेच्या आठवडे पडून राहणार, हे गृहीतच धरा. म्हणून लॅपटॉप मिटण्याआधी रीडमीच्या (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाइलच्या) अगदी वर पुढचं काम खरडून ठेवा. ‘लॉगिन दुरुस्त करणे’ असलं मोघम नको. ‘टोकन संपल्यावर ४०१ येतो, पण लॉगिनचं पान उघडत नाही’ असं नेमकं (टोकन म्हणजे लॉगिनचा तात्पुरता पास, ४०१ म्हणजे ‘ओळख पटली नाही’ सांगणारा एरर). त्याहून उत्तम म्हणजे तीच चूक पकडणारी, सध्या नापास होणारी एक टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड, लिहून ठेवणं. परत आल्यावर ती चालवली की गाडं कुठे अडलंय ते लगेच कळतं. लॉक फाइलही (लायब्ररींच्या, म्हणजे वापरलेल्या तयार कोडच्या, नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, टाकाच, नाहीतर अख्खी संध्याकाळ लायब्ररींच्या आवृत्त्या जुळवण्यात जाते. एपीआय की, म्हणजे दुसरी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली, मात्र तिथे नको. चुकून गेलीच, तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या आधीच्या नोंदीत) ती राहतेच. आधी ती रद्द करून नवी घ्या.