दोन सेलवरून तीन सेलवर गेलो आणि सर्वो लटपटले

माझं रिमोटवर उडणारं फोमचं विमान दोन सेलच्या लिपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) छान उडायचं. जोर हवा म्हणून तीन सेलची बॅटरी लावली. ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) '२-३ सेल' छापलेलं होतं, त्यामुळे डोळे झाकून. चौथ्या मिनिटाला सर्वो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आचके द्यायला लागले. कसंबसं गवतात उतरवलं. ईएससीला हात लावला तर चटकाच बसला!

आधी रिमोटचे संदेश पकडणाऱ्या रिसीव्हरवर संशय घेतला, अँटेना सरळ केली. फुकट गेला तो रविवार. मग मल्टिमीटर लावून चारही सर्वो एकदम हलवले, तर रिसीव्हरचे ५ व्होल्ट ४च्या आसपास घसरत होते.

दोष ईएससीतल्या लिनियर बीईसीचा, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हर आणि सर्वोंना ५ व्होल्ट देणाऱ्या भागाचा. तो जादा व्होल्टेज नुसतं उष्णतेत घालवतो. भरलेली दोन सेल म्हणजे ८.४ व्होल्ट, त्यातले ५ वजा जाऊन १ अँपिअरला ३.४ वॅट उष्णता. तीन सेल १२.६ व्होल्ट, म्हणजे ७.६ वॅट, दुपटीहून जास्त. छापलेलं खोटं नव्हतं, पण तीन सेलवर दोनच सर्वो चालतील हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं.

वेगळा ५ व्होल्टचा स्विचिंग बीईसी (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारा) थेट बॅटरीला जोडला. ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधली लाल तार काढून टेप लावली, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. काळी आणि सिग्नलची तार तशीच. मोटरवरचा पंखाही (प्रोपेलर) एक इंच लहान केला, कारण मोटरचा करंटही वाढला होता.

आता ईएससी जेमतेम कोमट होतो.