उतारवयातला हाउंड शेल्टरमधून घरी आणताना

हाउंड म्हणजे शिकारी कुत्रे, आणि ते दोन तऱ्हेचे. बीगल, बॅसेट, ब्लडहाउंड, फॉक्सहाउंड हे नाकाने माग काढणारे. ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी, मुधोळ हे नजरेने सावज हेरून धावणारे. शेल्टरच्या कागदावर पुष्कळदा नुसतं ‘हाउंड मिक्स’ लिहिलेलं असतं. समोरचा कुत्रा यातल्या कुठल्या वळणाचा आहे हे आधी ओळखा, कारण गळ्यातल्या पट्ट्यापासून भुलीच्या औषधापर्यंत बरंच काही त्यावर ठरतं. साधारण 7 वर्षांपुढचा कुत्रा उतारवयातला धरतात. मोठ्या चणीचे लवकर म्हातारे होतात, लहान चणीचे उशिरा.

असे कुत्रे शेल्टरमध्ये परत येतात तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात: हट्टी आहे, ऐकत नाही, घरात शू करतो, रात्रभर रडतो. यातलं बरंचसं एक तर नाकाचं असतं, नाहीतर दुखण्याचं. ही दोन्ही आधी तपासा, स्वभावाला बोल नंतर लावा.

भेटायला जाल तेव्हा

एका भेटीत निर्णय घेऊ नका. निदान दोनदा, वेगवेगळ्या वेळी जा आणि एकदा तरी त्याला पिंजऱ्याबाहेर पट्ट्याला लावून चालवा. पहिली दहा मिनिटं हाक नको, कुरवाळणं नको. हाउंड आधी जमीन हुंगेल, मग तुमचे बूट, मग तुम्ही. तुमच्याकडे धावत आला नाही म्हणून तो माणूसघाणा ठरत नाही.

चालताना त्याला मागून पाहा. धावताना सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम उचलत असेल तर खुब्याचं दुखणं असू शकतं. बसलेला उठताना पुढच्या पायांवर भार टाकून मागचं अंग ओढून घेतो का, तेही बघा. मागच्या पायांची मधली नखं वरच्या बाजूने घासलेली दिसली, तर तो पाय फरफटतोय. मग मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवा. एखाद्या जागी कातडी थरथरली, त्याने मान वळवली किंवा तो धापा टाकू लागला, तर ती जागा डॉक्टरांना दाखवायला लक्षात ठेवा.

ऐकू येतं का हे पाहायला तो पाठमोरा असताना किल्ल्या वाजवा. खाऊची पिशवी वाजवू नका, कारण बहिरा हाउंडसुद्धा वासाने वळेल. डोळ्यांत निळसर धुरकटपणा दिसला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. वयाबरोबर भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि त्याने नजर फारशी जात नाही. मोतीबिंदूत भिंग पांढरट आणि अपारदर्शक होतं. दोन्हींतला फरक डॉक्टर तपासून सांगतील.

शेल्टरला सरळ विचारा: पूर्वी घरात राहिलाय की सगळं आयुष्य पिंजऱ्यात आणि टोळीत गेलंय? मांजर समोर आलं तर काय करतो? एकटा ठेवल्यावर किती ओरडतो? कुठली औषधं, किती मात्रेत, कधीपासून चालू आहेत? आधी काही आठवडे फॉस्टर म्हणून नेऊन मग दत्तक घेण्याची सोय असेल तर ती जरूर घ्या. आवाजाचा प्रश्न हलक्यात घेऊ नका. माग काढणाऱ्या हाउंडचा लांबलचक हेल दूरवर ऐकू जावा म्हणूनच माणसाने ही जात तशी घडवली आहे. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

डॉक्टरांकडे

घरी आणल्यापासून आठवड्याभरात पूर्ण तपासणी करून घ्या: रक्ताची तपासणी, मूत्रपिंड आणि यकृत, लघवी, रक्तदाब, हृदयाचे ठोके, गोचिडांपासून होणारे आजार, हार्टवर्म (हृदयात वाढणारे जंत) आणि दात. दातांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. किडलेल्या, हलणाऱ्या दातांनीही कुत्रा जेवत राहतो, त्यामुळे दुखणं कळतच नाही. अंगावरच्या गाठी बहुधा चरबीच्या असतात, पण हाताला मऊ लागते म्हणून गाठ निर्धोक मानू नका. सुईने नमुना घेऊन बघायला सांगा.

ग्रेहाउंडच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी मुळातच जास्त असतात, प्लेटलेट कमी असतात आणि थायरॉइडचा आकडाही खालचाच असतो. नुसत्या त्या एका आकड्यावरून थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर निरोगी कुत्र्याला औषध जातं. थायोपेंटलसारखं भुलीचं औषध या जातीत फार सावकाश उतरतं, म्हणून दात काढण्याआधी डॉक्टरांना जात आठवणीने सांगा.

पहिले दिवस

पळून जाण्याचा धोका सर्वांत जास्त याच दिवसांत असतो. ग्रेहाउंडसारख्यांची मान डोक्याइतकीच जाड असते, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकून सहज निघतो. त्यांना ओढ बसल्यावर थोडा आवळणारा, रुंद मार्टिंगेल पट्टा लागतो. बाकीच्यांना अंगाला नीट बसणारा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि वर गळ्यात पट्टा, दोन्हींना लीश, म्हणजे हातात धरायची दोरी. मायक्रोचिपवर, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या नोंदीत, तुमचा फोन नंबर पहिल्याच दिवशी नोंदवा. वास किंवा सावज समोर आलं की शिकवलेला हाउंडसुद्धा हाक ऐकत नाही, म्हणून उघड्या जागी लीश सोडू नका. मोकळं सोडायचं तर कुंपण सुमारे 6 फुटांचं हवं, आणि बीगल असेल तर खालची कडा जमिनीत गाडलेली, कारण तो उकरून निघतो.

घरात एकच खोली द्या, पाहुणे बोलावू नका. फरशी घसरडी असेल तर त्याच्या वाटेवर रबरी पाठीच्या चटया टाका. घसरायच्या भीतीनेच कित्येक म्हातारे कुत्रे जागचे हलत नाहीत. अंथरुणाचा फोम इतका जाड हवा की हाताने दाबल्यावर खालची जमीन लागू नये. झोपेत असताना अंगाला हात लावून उठवू नका, लांबून नावाने हाक मारा. पिंजऱ्यात एकटं झोपलेला कुत्रा दचकून चावू शकतो, आणि ग्रेहाउंड तर डोळे उघडे ठेवूनही झोपतो.

शेल्टरमधलंच खाणं पहिले दोन-तीन दिवस चालू ठेवा. मग पाव भाग नवं, पुढे निम्मं, पुढे पाऊण, असं 7 ते 10 दिवसांत बदला. घाई केली की जुलाब होतात. खाणं वाटीने न मोजता वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. बीगल आणि बॅसेट चटकन लठ्ठ होतात आणि बॅसेटच्या लांब पाठीच्या मणक्यांना ते वजन झेपत नाही. बरगड्या हाताला लागायला हव्यात. खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. खोल छातीच्या कुत्र्यांना जेवण दोनदा विभागून द्या आणि त्यानंतर लगेच पळवू नका. पोट फुगून कडक झालं आणि कुत्रा ओकारीचे उमाळे देतोय पण काही पडत नाही, तर एक मिनिटही न थांबता डॉक्टर गाठा.

लोंबत्या कानांना आतून हवा लागत नाही. आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी दिलेला द्रव कानात सोडा, बुंध्याशी 20-30 सेकंद चोळा, त्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाने पुसा. कानकाडी आत घालायची नाही. कान लाल असेल, आंबट वास येत असेल किंवा हात लावू देत नसेल तर काही न घालता आधी दाखवा.

नाकाला काम द्या

म्हाताऱ्या हाउंडला लांब चालवण्यापेक्षा मनसोक्त हुंगू द्या. वीस मिनिटांची फेरी दिवसातून दोन-तीनदा, आणि वेग त्याचा. एका खांबापाशी तीन मिनिटं गेली तर जाऊ द्या, ओढू नका. घरात टॉवेलच्या गुंडाळीत किंवा पुठ्ठ्याच्या पाच-सहा खोक्यांत खाण्याचे दाणे लपवून शोधायला लावा. सांध्यांवर ताण न येता तो दमतो. कचऱ्याचा डबा मात्र झाकण घट्ट बसणारा ठेवा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेला खाऊ हे नाक हमखास शोधून काढतं, आणि हे सगळं विषारी आहे.

एकटं राहणं सावकाश शिकवा. आधी अर्धं मिनिट दाराबाहेर, मग दोन, मग पाच. तो अस्वस्थ व्हायच्या आत परत या. ओरडू लागल्यावर वेळ वाढवली तर उलट भीतीच पक्की होते.

घरात शू होऊ लागली तर आधी पाणी मोजा. दिवसाला दर किलो वजनामागे 100 मिलिपेक्षा जास्त पीत असेल, म्हणजे 20 किलोचा कुत्रा 2 लिटरच्या वर, तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं तो) तपासायला हवा. रात्री फेऱ्या मारणं, कोपऱ्यात तोंड घालून उभं राहणं, ओळखीच्या दाराच्या चुकीच्या बाजूला थांबणं ही बुद्धी क्षीण होत चालल्याची लक्षणं असू शकतात. नुसती बेचैनी आणि धाप असेल तर मात्र सांधेदुखीकडे आधी बघा. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. त्याऐवजी दोन-तीन रात्रींचं मोबाइलवर चित्रण करून न्या. दवाखान्यात कुत्रा ताठ उभा राहतो आणि घरचं लंगडणं डॉक्टरांना दिसतच नाही.