पन्नाशीच्या उंबरठ्यावर रोजच्या वापरासाठी जुनी स्पोर्ट्स कार: बडोद्यात निवडायची कशी?

घराचे हप्ते संपत आले, मुलं शिकायला बाहेरगावी गेली, आणि कॉलेजात असल्यापासून मनात बसलेली गाडी आता सेकंड हँड बाजारात नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात दिसू लागली. अशा वेळी ती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पण रविवारी कव्हर काढून पुसायची आणि पुन्हा झाकायची गाडी या लेखाचा विषय नाही. रोज सकाळी मकरपुऱ्याला किंवा हालोलला कामावर नेणारी, संध्याकाळी खंडेराव मार्केटहून भाजी आणणारी आणि गरज पडली तर आईला दवाखान्यात नेणारी गाडी कशी निवडायची, ते इथे सांगायचं आहे.

आधी रस्ता ठरवा, मग गाडी

बहुतेक जण एक्सप्रेसवे डोळ्यांसमोर ठेवून गाडी निवडतात. अहमदाबाद-बडोदा एक्सप्रेसवे 93 किलोमीटरचा आहे आणि 2024 पासून भरूचकडेही नवा एक्सप्रेसवे सुरू झाला आहे, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण त्या रस्त्यावर तुम्ही महिन्यातून किती वेळा जाणार? गाडी निवडायची ती तुमच्या रोजच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट तुकड्यासाठी. रावपुऱ्यातली गर्दी, नवरात्रीत गरबा सुटल्यावर तासभर मुंगीच्या चालीने सरकणारी रांग, पावसाळ्यात पाणी साचणारी चौकडी (चौक), सोसायटीच्या तळघरात उतरणारा उभा रॅम्प, हे सगळं कागदावर लिहून काढा.

त्यातही गतिरोधकांकडे नीट बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असायला हवा. एवढ्या रुंद उंचवट्यावरून बहुतेक बुटक्या गाड्याही सावकाश निघून जातात. पण गल्लीबोळात, सोसायट्यांच्या दारात लोकांनी हौसेने घातलेले जे बम्प असतात ते अरुंद आणि टोकदार असतात, आणि पोट घासतं ते तिथे. म्हणून सौदा ठरवण्याआधी मालकाची परवानगी घेऊन गाडी आपल्या सोसायटीत आणा. पुढे दोघं, मागे दोघं बसवा, कारण भरलेली गाडी खाली बसते आणि रिकामी गाडी पास झाली तरी तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. एकाला मोबाईल जमिनीलगत धरून व्हिडिओ काढायला सांगा आणि रॅम्पवरून अगदी हळू उतरा. पुढचा बम्पर कुठे टेकतो, मधलं पोट कुठे लागतं, ते व्हिडिओत स्वच्छ दिसतं. बम्परची प्लास्टिकची ओठी जराशी घासली तर चालवून घेता येईल. मधला भाग लागत असेल तर गाडी कितीही देखणी असो, ती सोडा.

गुडघे, पाठ आणि चष्मा

पंचविसाव्या वर्षी या गोष्टी कुणी विचारत नाही, पन्नाशीत विचारल्याच पाहिजेत. खोल बसलेल्या सीटवरून उठताना सगळं वजन गुडघ्यावर आणि कंबरेवर येतं. शोरूमच्या मोकळ्या जागेत दार पूर्ण उघडतं, पण पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीमुळे ते अर्धंच उघडेल. तसं अर्ध्या दारातून पाच-सहा वेळा आत-बाहेर करून बघा. दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात, त्यामुळे अडचण आणखी वाढते.

टेस्ट ड्राइव्ह किमान पाऊण तासाची हवी. पाठदुखी पहिल्या दहा मिनिटांत बोलत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर तोच लावून चालवा. सीट खाली आणि डॅशबोर्ड उंच असला की मीटर बघायला मान वाकडी करावी लागते का, ते कळेल. जमलं तर एकदा रात्रीही चालवा, कारण बुटक्या गाडीत समोरच्या एसयूव्हीचे दिवे थेट डोळ्यांत येतात. आणि आईला, सासूबाईंना, घरात जे कुणी वडीलधारं असेल त्यांना एकदा मागे बसवा. त्यांना उतरताना हात द्यावा लागत असेल, तर रोज द्यावा लागेल.

मग कोणती?

भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या गाड्यांपुरतंच बघा. माझी पहिली पसंती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला आहे. 2017 मध्ये आलेली आरएस 230 आणि 2020 मध्ये फक्त 200 नगांत आलेली आरएस 245, दोन्हींना 2.0 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चार पूर्ण दारं आणि भलीमोठी डिकी. बाहेरून ती सभ्य सेडान दिसते आणि पाय दाबला की वेगळीच होते. या वयात मला तरी हेच आवडतं. बजेट मोठं असेल तर चेन्नईत जुळवली जाणारी, सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू एम340आय याच जातीची, फक्त दोन पायऱ्या वरची.

छोटी गाडी हवी असेल तर फोक्सवॅगन पोलो जीटीआय 192 पीएसची (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती), पण तीन दारांची आहे. मागे माणसं बसवायची असतील तर तिचा नाद नको. फियाट अबार्थ पुंटो 145 पीएसची, चालवायला मस्त. पण फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलं, म्हणजे आजचा सुटा भाग उद्या मिळेल याची खात्री नाही. हाच हिशोब फोर्ड मस्टँगचा. तिचा 5.0 लिटरचा व्ही8 ऐकला की मन विरघळतं, पण कंपनी 2021 मध्ये इथून गेली. मिनी कूपर एस शहरात फार गोड चालते. तिच्यावर रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे, टायर असतील तर खड्डे मणक्यापर्यंत कळतात आणि स्टेपनी नसते.

पोर्शे घेणाऱ्यांसाठी एकच सूचना: केमन किंवा बॉक्सटर बघताना 2009 च्या सुधारित इंजिनापासून पुढच्याच बघा. त्याआधीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टच्या (इंजिनाच्या आत फिरणाऱ्या एका दांड्याच्या) बेअरिंगचा दोष प्रसिद्ध आहे, आणि ते बेअरिंग तुटलं की इंजिन हातचं जातं. मोठ्या कामासाठी अहमदाबाद गाठावं लागेल, हेही मनात धरा. कोणतीही गाडी नक्की करण्याआधी तिचं अधिकृत वर्कशॉप बडोद्यात आहे का आणि बाहेर तिचं काम जाणणारा एखादा फिटर आहे का, हे दोन्ही विचारून घ्या.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं

बडोद्यात जुनी गाडी बघताना हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीने 35 फुटांची पातळी ओलांडली, जिथे धोक्याची पातळी 26 फूट आहे. त्या दिवसांत तळघरांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुटक्या गाडीत पाणी आधी शिरतं, आणि महाग गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल, वायरिंगचे जोड सीटखाली, गालिच्याखाली, डिकीच्या तळाशी असतात. बाहेरून गाडी चकाचक होते. आतला गंज हळूहळू वर येतो आणि दीड-दोन वर्षांनी डॅशबोर्डवर इशाऱ्याचा एकेक दिवा लागायला सुरुवात होते.

विकणारा "पाणी अड्युं ज नथी" (पाणी लागलंच नाही) म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, सीटबेल्ट ओढा. पूर्ण, शेवटपर्यंत, जिथे पट्टा पुढे येईनासा होतो तिथपर्यंत. सीट धुतली जाते, गालिचा बदलला जातो, पण पट्ट्याचा आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग सहसा कुणी धुवत नाही. त्यावर मातकट आडवी रेघ दिसली, किंवा पट्टा बोटांना कडक, खरखरीत लागला, तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. चारही पट्टे बघा. मग पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळांवर टॉर्च मारा. रुळाच्या टोकाला आणि बोल्टांवर गंज कोरड्या गाडीत सहसा येत नाही. स्टेपनीची खोबण रिकामी करून तळाला बोट फिरवा, बारीक गाळ हाताला लागतो. हेडलाइटच्या आत वाफ धरलेली आहे का बघा. काचा बंद ठेवून एसी न लावता दहा मिनिटं आत बसा. ओल्या पोत्यासारखा वास लपवायला तीव्र अत्तर ठेवलेलं असेल, तर ते काढून बाहेर ठेवायला सांगा आणि पुन्हा बसा.

शेवटी विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहास मागा. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधला मोठा क्लेम निघाला, तर भाव कितीही उतरवला तरी मी ती गाडी घेणार नाही आणि तुम्हालाही घ्या म्हणणार नाही.

इंजिन, गिअरबॉक्स, टायर

गाडी बघायला जाताना आधी निरोप द्या की बॉनेट गार असू दे. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. इंजिन आधीच तापवून ठेवलेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. गार इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खडखडली, तर टायमिंग चेनचा टेन्शनर संशयित आहे. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे तेल जळतं आहे.

ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक, गिअरबॉक्समध्ये कोरडा क्लच आणि तेलातला क्लच असे दोन प्रकार येतात. मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो तेव्हा रांगेत सरकताना कोरडा क्लच लवकर तापतो, म्हणून रोजच्या वापराला तेलातलाच चांगला. स्कोडाच्या 230 मधल्या सहा गिअरच्या डीएसजीचं (तिच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं) तेल दर 60,000 किलोमीटरला बदलायचं असतं. त्याचं बिल मागा. चढावर गाडी थांबवून ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटर न दाबता ती कशी सरकते ते बघा. रिव्हर्समध्येही तसंच करा. हिसका किंवा थरथर जाणवली, तर दुरुस्तीचा खर्च लाखात जाऊ शकतो.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. टायरची उंचीही मोजा: 225/40 मापाच्या टायरची भिंत 90 मिलिमीटरची असते, साध्या गाडीच्या 185/60 ची 111 मिलिमीटरची. त्या जेमतेम दोन सेंटीमीटरच्या फरकामुळेच खड्ड्यात रिम वाकतात. चारही रिम आतल्या बाजूने बघा.

गाडीचा रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकात केलेला बदल, झाला आहे का, हे सरळ विचारा. वाढवलेली ताकद रोजच्या गाडीला लागत नाही आणि विम्याच्या वेळी अडचण होते. 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, म्हणून मॅन्युअलमध्ये काय लिहिलं आहे ते वाचा आणि इंधनाच्या नळ्या तपासून घ्या. मग स्वतंत्र वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून पूर्ण तपासणी करवून घ्या. तपासणीला नकार देणाऱ्या मालकाला नमस्कार करून निघा.

कागद आणि पैसे

परिवहन पोर्टलवर नंबर टाकून बोजा, विमा, थकलेली चलनं बघा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30, तेही दर्जीपुऱ्याच्या आरटीओत स्वतः लक्ष घालून. दलालावर सोडून विसरू नका. मुंबई-दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिला फॉर्म 28 ची एनओसी लागते, गुजरातचा कर भरावा लागतो आणि 12 महिन्यांच्या पुढे इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. हा सगळा खर्च जोडल्यावर ती किती स्वस्त उरते, ते आधी बघा.

विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुना नो-क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही. पाच वर्षांच्या पुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, कंपनीशी बोलून ठरते, तेव्हा ती कमी लावू देऊ नका. आणि या शहरात इंजिन प्रोटेक्टशिवाय (पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई देणाऱ्या जोडणीशिवाय) पॉलिसी घेणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याची जोखीम स्वतःच्या खिशावर घेणं.

गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. टायर, ब्रेकचे रोटर, सगळी तेलं, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश, यातलं काही ना काही निघणारच. तेवढे पैसे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्या, पण घेतलेली गाडी ठणठणीत ठेवा.

शेवटची रक्कम देण्याआधी तीन वस्तू हातात घ्या: दुसरी चावी, कारण अशा गाडीची नवी चावी फार महाग पडते आणि आठवडे लागतात, सर्व्हिसच्या बिलांची फाइल, आणि व्हील लॉकचा खास नट. तो नट हरवलेला असला तर पंक्चर झाल्यावर चाक काढताच येत नाही. तो सहसा डिकीत टूलकिटजवळ असतो, मालकाच्या समोरच शोधून घ्या.