पगारपत्रक मागायचं आहे? दहा रुपयांचा स्टॅम्प घ्या

मी अठ्ठावीस वर्षं नागपुरातल्या एका कार्यालयात पगारबिलं केली. आता रिटायर झालो, तर शेजारपाजारचे विचारतात, ‘काका, अमक्या साहेबाचा पगार किती, कळते का?’ कळते ना बाप्पा!

माहिती अधिकाराच्या अर्जाआधी त्या सरकारी कार्यालयाची वेबसाइट पाहा. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(१)(ख) सांगतं की प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयानं स्वतःहून प्रसिद्ध करावं. पुष्कळदा यादी जुनी असते. बदली झालेले लोकही तिथेच बसलेले!

नाही सापडलं तर जोडपत्र ‘अ’, म्हणजे या अर्जाचा ठरलेला नमुना भरा. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाकडे जाल तेव्हा अर्जावर लावायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घेऊन टाका. एक अर्ज, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘पगाराची सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. माझ्या टेबलावर असे अर्ज आले की आम्ही हळूच फाईलखाली सरकवायचो, खोटं काहून बोलू? पदनाम, महिना, मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता असं नेमकं मागा. कर्जाचे हप्ते, आयकर, बँक खातं मागू नका. ती खासगी बाब म्हणून नकार येतो, अन् माझ्या मते यायलाच पाहिजे.

अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या. झेरॉक्सला पानामागे दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयात पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथंही भागलं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ.