स्नेक प्लांटचे फुटवे मृगाच्या आत वेगळे करा, पण काप वाळू द्या

मेचा तिसरा आठवडा चालू आहे. दुपारी चारनंतर सिंहगडाच्या अंगाने आभाळ भरून येतं, वळीव येतो आणि जातो. ज्यांच्या गॅलरीत स्नेक प्लांटच्या कुंड्या फुगल्यात, त्यांनी हे काम याच आठवड्यात हाती घ्यावं. नाही जमलं तर हात लावू नका, थेट ऑक्टोबरच्या उन्हात बघू.

घाई का, तर हिशोब साधा आहे. फुटवा कापल्यावर काप, म्हणजे कापलेली जागा, वाळायला तीन दिवस. मातीत लावल्यावर पाण्याविना आठ दिवस. म्हणजे अकरा दिवस कोरडे पाहिजेत. मृग लागतो ७-८ जूनला, पुण्यात मॉन्सूनची सरासरी तारीख १० जूनच्या आसपासची. ७ जूनपासून अकरा दिवस मागे मोजलं तर २७ मे ही शेवटची तारीख, आणि तीही पाऊस वेळेवर आला तर. २०२५ साली तो २६ मे रोजीच पुण्यात दाखल झाला होता. त्या वर्षी मीच २२ तारखेला अकरा फुटवे कापले आणि २४ ला लावून मोकळा झालो. दोन दिवस वाळवले होते, पण हवा इतकी दमट होती की काप हाताला चिकटतच होता. लग्नाला जायचं होतं, म्हटलं होईल. जून संपेपर्यंत त्यातले सात गेले. पानं वरून हिरवीगार होती. एक दिवस एक पान सहज धरलं तर ते तळातून सुटून हातात आलं, खाली नुसता पिवळा चिखल आणि नासक्या बटाट्याचा वास.

तीस वर्षं लोकांची रोपं बघतोय. स्नेक प्लांट उन्हाने मेल्याचं क्वचित दिसतं, पाणी न मिळाल्याने मेल्याचं त्याहून क्वचित. मरतं ते ओल्या कापाने. रविवारी सकाळी रोप फोडायचं, लगेच नव्या कुंडीत लावायचं आणि वर तांब्याभर पाणी घालायचं, कारण आईने तुळस लावताना तसंच केलेलं बघितलंय. तुळशीला ते चालतं. इथे जमिनीखाली आल्यासारखा गड्डा आहे, पाण्याने भरलेला. साताऱ्याकडचा आलं-हळदवाला शेतकरी बेणं कापून तसंच ओल्या सरीत टाकत नाही, त्याला कंदकूज माहीत असते. शहरातल्या कुंडीवाल्याला ती माहीत नसते, एवढाच फरक.

फोडायचं कधी, आणि कधी नाही

या झाडाला दाटीवाटी आवडते. कुंडी भरलेली दिसते म्हणून फोडू नका. प्लॅस्टिकची कुंडी एका बाजूने फुगली असेल, मातीच्या कुंडीला तडा गेला असेल, किंवा पाणी घातल्याबरोबर ते कडेने सरळ खाली पळत असेल, तर वेळ झाली. साधारण तीन-चार वर्षांनी हे होतं. गेल्या वर्षीच नर्सरीतून आणलेलं रोप यंदा फोडायचं काही कारण नाही.

आधीचे आठ-दहा दिवस पाणी बंद. कोरड्या मातीतून गड्डा सुटून येतो, ओल्यातून मुळं तुटतात. कुंडी आडवी करून थापटा, ओढाताण करू नका. प्लॅस्टिकची असेल आणि निघत नसेल तर कुंडीच कापा, ती स्वस्त असते.

आता बाहेर काढलेला गड्डा नीट बघा, कारण अर्धी माहिती इथेच मिळते. निरोगी गड्डा फिकट केशरी-पांढरा, कच्च्या बटाट्यासारखा टणक. अंगठ्याने दाबला की दबत नाही. तपकिरी, मऊ, पाणी सुटलेला भाग दिसला तर तो पूर्ण कापून टाका, थोडासा ठेवून बघू असं नको. सुरी दर कापानंतर स्पिरिटने पुसायची. हे कोणी करत नाही, मीही कित्येक वर्षं करत नव्हतो. पण मऊकूज जिवाणूंमुळे होते आणि ती एका गड्ड्यातून दुसऱ्यात जाते ती पुष्कळदा सुरीवरूनच.

प्रत्येक तुकड्याला किमान दोन-तीन पानं आणि स्वतःची मुळं हवीत. एकपानी तुकडे करून दहाच्या वीस कुंड्या करायचा मोह होतो. पावसाळ्याच्या तोंडावर तो टाळा.

काप वाळवणे

फुटवे वर्तमानपत्रावर सावलीत आडवे ठेवा. पंख्याचं वारं लागलं तर उत्तम, ऊन नको. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस पुरतात. आभाळ भरलेलं असेल तर पाच, सात, लागतील तितके. रोप आठवडाभर मातीबाहेर राहिलं म्हणून मरत नाही, पानांत पाणी साठवलेलं असतं. लोकांना याचीच धास्ती वाटते. शेजारच्या वहिनींनी एकदा मी वाळत घातलेल्या फुटव्यांवर दया येऊन पाणी शिंपडलं होतं. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो.

दिवस मोजण्यापेक्षा अंगठा लावून बघा. काप वाळला की त्यावर लसणाच्या पाकळीवरच्या सालासारखा पापुद्रा येतो, कडा थोड्या आत ओढल्या जातात, नख लावलं तर खरखरतं. बोट चिकटलं, गार लागलं किंवा ओलं वाटलं, तर अजून एक दिवस. मी वर चुलीची राख चोळतो. हळदही लावतात. राखेने कूज थांबते असा माझा दावा नाही, ती ओल शोषते एवढं डोळ्यांनी बघितलंय, आणि फुकट मिळते.

शेतीतली अधिकृत पद्धत विचाराल तर बुरशीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के, लिटरला २.५ ग्रॅम, किंवा मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), लिटरला ५ ग्रॅम. दोन्ही एकाच वेळी नाही, कॉपरमधल्या तांब्याने ट्रायकोडर्माची वाढ खुंटू शकते. आणि औषधात बुडवलेला काप हा ओला कापच असतो, म्हणजे वाळवण पुन्हा पहिल्यापासून. घरच्या चार-पाच कुंड्यांना यातलं काहीही लागत नाही. जिवाणूची कूज एकदा आत शिरली तर कोणतंच औषध तिला परत काढत नाही.

दुकानदार काय सांगेल

मुळं फुटायची पावडर घ्या म्हणेल. फुटव्याला मुळं आहेतच, ती कशाला? ह्युमिक अ‍ॅसिडची बाटली पुढे करेल. ‘स्नेक प्लांट स्पेशल’ असं छापलेली पिशवी देईल, ती उघडून मुठीत दाबा. पिळलेल्या स्पंजासारखी ओली लागली, बोटांतून पाणी आलं, तर आत बहुतेक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. कोकोपीट पाणी धरून ठेवायला बनवलेलं असतं आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे. नर्सरीवाले ते वापरतात कारण हलकं पडतं, गाडीभाडं वाचतं, आणि त्यांना रोज पाणी द्यायला माणूस असतो. तुमच्या घरी ते झाड तीन आठवडे ओल्या गादीवर बसतं. नव्या आणलेल्या रोपाच्या मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळाही हाताने मोकळा करून काढा.

आणखी एक विक्रीचं वाक्य: हे झाड रात्री ऑक्सिजन देतं. झाड रात्री पानांची रंध्रं उघडतं हे खरं, पण ते कार्बन डायऑक्साईड आत घ्यायला. ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. ‘हवा शुद्ध करतं, नासाने सांगितलंय’ असंही म्हणतात, तो १९८९ चा अभ्यास बंद पेटीत केलेला होता. दारं-खिडक्या असलेल्या खोलीत चार कुंड्यांनी हवा शुद्ध होत नाही. यातून आपल्या कामाची गोष्ट वेगळीच निघते. दिवसा रंध्रं मिटलेली म्हणजे पाणी उडत नाही, म्हणजे पाणी लागतही नाही. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं, कोरडेपणाला सरावलेलं झाड आहे ते.

माती आणि कुंडी

- लाल माती २ भाग, जाड वाळू २ भाग, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे १ भाग, जुनं शेणखत किंवा गांडूळखत १ भाग
- काळी माती अजिबात नको
- मातीची कुंडी, आधीच्यापेक्षा दोन बोटंच रुंद, उथळ चालेल
- भोकावर खापरी, ती उलटी, घुमट वर
- भोक नसलेली शोभेची कुंडी बाद

वाळूबद्दल थोडं जास्त सांगतो. हल्ली नदीची वाळू मिळत नाही, बांधकामावरून आणाल ती क्रश सँड असते, दगड फोडून केलेली. तिच्यात दगडाची भुकटी असते. ती न धुता मिसळली तर महिन्याभरात कुंडीत सिमेंटसारखा थर बसतो, भोक असूनही पाणी तुंबतं. बादलीत घालून चार वेळा धुवा, वरचं राखाडी पाणी ओतून द्या, उन्हात वाळवा. पूर्ण वाळवा. कोरडा फुटवा ओल्या मातीत लावला तर सगळी मेहनत वाया.

कुंडी कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलीत तर साधी, न रंगवलेली घ्या. ऑइलपेंट मारलेल्या कुंडीची भिंत श्वास घेत नाही.

लावणी

- गड्डा जेमतेम झाकेल इतकाच खोल
- पानांचा गळा मातीच्या वर
- उभं राहत नसेल तर बांबूच्या काडीचा आधार; खोल पुरणे हा उपाय नाही
- आठ दिवस पाणी नाही
- नवव्या दिवशी अर्धा कप, कडेने
- पहिले दोन महिने खत नाही
- जागा: गॅलरीत छपराखाली, उजेड भरपूर, दुपारचं थेट ऊन नको

लावल्याबरोबर पाणी घालायची सवय हाताला लागलेली असते हे मला माहीत आहे. ‘माती बसायला थोडंसं’ असं म्हणून घातलं जातं. माती हाताने दाबून बसवा. काप कितीही चांगला वाळला असला तरी गड्डा बाहेर काढताना केसासारखी मुळं ठिकठिकाणी तुटलेली असतात, त्या जखमा आपल्याला दिसत नाहीत. आठ दिवस कोरडे जातात ते त्यांच्यासाठी.

पावसाळाभर

कुंड्या पावसात ठेवू नका, एवढं केलंत तरी निम्मी रोपं वाचतील. ‘नैसर्गिक पाणी मिळू दे’ म्हणून जूनमध्ये झाडं गच्चीवर नेणारे भेटतात, बाकीच्या झाडांना ठीक आहे. बुटकं, पक्ष्याच्या घरट्यासारखं स्नेक प्लांट असेल तर त्याच्या मधल्या वाटीत पाणी साचतं आणि ते गाभ्यातून कुजतं. कधी चुकून भिजलं तर वाटी कापडाने टिपून घ्या.

पाणी कधी? जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांतून एकदाही कधी कधी जास्त होतं. अगरबत्तीची काडी मातीत तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर दिसली किंवा तिला माती चिकटली तर पाणी नाही. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून द्या. माझा ठोकताळा असा की घरात खारे शेंगदाणे सादळायला लागले की स्नेक प्लांटचं पाणी बंद करायचं. शास्त्रात नसेल, पण चुकलेलं नाही.

- पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड): कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसणे, जास्त असेल तर निंबोळी तेल ५ मिली आणि साबणाचे थेंब लिटर पाण्यात, संध्याकाळी
- लाल कोळी (पानांवरची अगदी बारीक कीड): पानं ओल्या फडक्याने पुसणे
- मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर. पानं खाल्ली तर उलट्या होतात
- डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की कुंडी आत, पाणी महिन्यातून एकदा

विक्रीसाठी लावणाऱ्यांना

उरुळी कांचनकडे शेडनेटमध्ये रोपं करणाऱ्यांना वेगळं सांगणं एकच. शेडनेट सावली देतं, पाऊस अडवत नाही. एकाने मजूर मिळाले म्हणून चारशे फुटवे एका दिवसात कापून त्याच दिवशी पिशव्या भरल्या, वरून ठिबक चालू केलं. रोगाची फवारणी मात्र वेळापत्रकाप्रमाणे, दुकानदाराने लिहून दिलेली, तीन औषधांची. त्या औषधांच्या पैशांत प्लॅस्टिकचा कागद आला असता. कापणी आणि लावणी यांत चार दिवसांचं अंतर ठेवा, मजुरांना दोनदा बोलवावं लागलं तरी. ठिबक पंधरा दिवस बंद.

कूज लागलीच तर

पान डुलायला लागलं, तळाशी पिवळं-पाणीदार झालं, की त्याच दिवशी उपटा. आतला काप स्वच्छ, टणक दिसेपर्यंत मागे मागे कापत जा, दर कापाला सुरी पुसा, मग वाळवण, आठवडाभर. जुनी माती फेकून द्या, दुसऱ्या कुंडीत वापरू नका. गड्डा सगळाच गेला असेल तर पानाचा वरचा चांगला भाग चार-चार बोटांचा कापा, खालची बाजू कोणती ते खुणेने ठेवा, वाळवा आणि कोरड्या वाळूत उभा करा. उलटा लावलात तर मुळं फुटणार नाहीत. मुळांना महिना-दीड महिना लागतो, नवा फुटवा वर यायला आणखी काही महिने. पिवळ्या कडेचं रोप असेल तर पानापासून आलेलं नवं रोप साधं हिरवं येईल. ती पिवळी कड फक्त गड्डा फोडूनच पुढे जाते.